स्टॉपवर कोणीच नव्हतं

ता. २ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बसखात्याने आमच्या गल्लीच्या तोंडाचा स्टॉप काढला. आता पुलापलीकडे चालत जावं लागतं. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत तीनदा उशीर झाला. आणखी एकदा झाला तर दुसरी बाई बघू, असं मुकादमबाई म्हणाल्या. नोकरी गेली तर दिवसभर या घरात बसून राहायचं. भीती वाटायला हवी, पण वाटत नाही. हे गेल्यापासून काहीच वाटत नाही. शेजारची शिंपीणबाई माझ्या वाटचंही चिडून घेते.

शाळेची बस रोज चुकवणारा तू आज बसखात्यात साहेब. देवाची करणी, दुसरं काय.

आहेस तसा सुखात राहा.
ताई

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौकशी केली. आमची माणसं दिवसभर तिथे उभी होती, एकही प्रवासी चढला नाही. मोजणी अकरा मार्चची आहे. मग बसमध्ये सूचना लावली, मुख्य कचेरीत सभा घेतली. हरकत घ्यायला कोणी फिरकलं नाही. सगळं रीतसर झालंय आणि सही माझीच आहे, म्हणून जास्त अवघड. तोवर रिक्षाने जा, मी बघतो.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.
धाकटा

ता. १४ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

अकरा मार्चला यांना नेलं. अख्खी गल्ली आमच्या दारात होती, कामावर कोणीच गेलं नाही. तूही इथेच खुर्च्या लावत होतास. तुझ्या माणसांनी गल्लीत शिरून विचारलं असतं, तर कोणीही सांगितलं असतं. आणि भर कामाच्या वेळी, दोन बस बदलून तुमच्या सभेला कोण येणार?

रागावून लिहीत नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

ताई

ता. २० जून

ती. ताईस,
सा. न.

तारीख मीच लिहिली आणि माझ्याच ध्यानात आली नाही. लाज वाटते. सोमवारपासून आम्ही शिंपीणबाईंच्या दुकानापुढे बसतो, लोक कामावर निघण्याआधी आणि परतल्यावर. घरोघरीही विचारू. पहिल्या दिवशी मी स्वतः येतो. चहा नको, बोलणी खाईन.

पायावर डोकं ठेवतो.
धाकटा

ता. ६ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

स्टॉप परत लागला. काल वेळेत पोचले. मुकादमबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्यापुढे चादरींचा गठ्ठा सरकवला. खात्याला आपणच वठणीवर आणलं, असं शिंपीणबाई सगळ्यांना सांगत सुटली आहे. सांगू दे.

एक लिहायचं राहिलं. त्या सोमवारी तू गेल्यावर तुमच्या कचेरीतली मुलगी दारी आली. घरातून किती जण बसने जातात, तिने विचारलं. मी भाजी निवडत होते. दोघं, म्हणाले. ती लिहून घेऊन पुढच्या दारी गेली. मग माझ्या लक्षात आलं. तिला हाक मारायला उठले आणि उंबऱ्यातच बसले. मार्चपासून पहिल्यांदा रडले रे, मोठ्याने रडले.

आमच्या घरचा आकडा चुकलाय. खोडू नकोस.

तुझी,
ताई