रजेच्या अर्जातल्या सात माफ्या

सूनबाई,

चहाच्या डब्याखाली तू लपवलेला रजेचा अर्ज सापडला. सासऱ्याने सुनेचे कागद वाचू नयेत हे मला कळतं, पण चहा मला रोज लागतो.

दोन पानांत तू सात वेळा माफी मागितली आहेस, त्यातली एक हॉस्पिटलच्या लिफ्टमनची. अगं, रजा मागतेयस की दरोड्याची कबुली देतेयस? जन्मभर वर्तमानपत्रात लोकांची टर उडवली, त्यामुळे काटछाट मला जमते. आता दोनच वाक्यं उरली आहेत : "मी आजारी आहे. मला महिनाभर रजा हवी आहे." सही तेवढी तू कर. पेशंटना विश्रांती लिहून देताना तू कुणाची माफी मागत नाहीस, मग इथेही मागू नकोस.

ड्यूटीवरून आल्यावर तू खाली गाडीत अर्धा अर्धा तास नुसती बसून असतेस. गॅलरीतून दिसतं.

मीही असा अर्ज वर्षभर खिशात घेऊन फिरलो. दिला नाही. तुझ्या सासूला वाटलं पित्त झालंय, म्हणून ती मला सुंठ चाटवत राहिली. दर रविवारी विनोदी लेख मात्र वेळेवर छापून येत होता. तसं तुझं होऊ देणार नाही.

मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे तुझा नंबर लावायला पुढे गेलोय. सहाला ये. नाही आलीस तर तुझ्या नंबरावर मीच आत जाईन आणि तासभर तुझ्याविषयी बोलेन. सुरुवात तुझ्या पहिल्या स्वयंपाकापासून करीन.

– बाबा