कच्चा टाका

बुधवार, १३ मार्च

प्रिय ताई,

तू, भाऊजी आणि बाळ मजेत असाल. इकडचं सांगण्याआधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आईचं शिवणकाम पुन्हा सुरू झालंय, दुपारभर मशीनचा आवाज येतो. आवाज येतो, हे खरं. पण काल चहा घेऊन आत गेले तर सुईत दोराच नव्हता. सुईखाली कापडही नव्हतं. ती नुसती पाय मारत होती.

शिवायला काही येतच नाही. येतं ते परत. आई रेडिएशन घेते हे गल्लीत कळलं आणि शेजारच्या काकू फ्रॉक घेऊन आल्या. दारातूनच म्हणाल्या, “मुलगी वाढली हो, बसत नाही आता.” मुलगी त्यांच्या मागेच उभी होती, बोटभरही वाढलेली नव्हती. आणि फ्रॉक तर आईच्या आजाराच्या कितीतरी आधी शिवलेला! मग शर्ट आले, पडदे आले. आई सगळ्याला इस्त्री करून हँगरला लावते. खोलीत शिरलं की वाटतं, अख्खी गल्ली भिंतीला पाठ लावून उभी आहे, फक्त डोकी नाहीत.

सुरुवातीला ती हसायची. “लाईट गेली तर मला हाक मारा, मी चमकते,” म्हणायची. डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, “मावशी, मशीन बंद की किरण बंद. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का?”

आई म्हणाली, “उजेड नाही उरत. पण काच गरम असते ना?”

डॉक्टरबाई हसल्या. मला हसू आलं नाही. मी तेव्हा तिचे कपडे वेगळे भिजवत होते. कुणी सांगितलं नव्हतं. आता एकत्रच धुते, पण हात अजून बादलीपाशी थबकतो.

फोनवर हा विषय काढला की तुझं बाळ रडतं, म्हणून लिहितेय. तुझं पार्सल मिळालं. आईने बाळासाठी शिवून पाठवलेलं झबलं, आणि चिठ्ठी, ‘घट्ट झालं.’ आईने ते उलटंपालटं करून पाहिलं. प्रवासात चुरगळू नये म्हणून तिने पाठीची उघडी बाजू कच्च्या टाक्याने मिटवली होती. तो कापल्याशिवाय झबलं अंगात जातच नाही. टाका जसाच्या तसा होता, ताई.

छोटा हँगर नव्हता, म्हणून तिने मोठ्यालाच लावलं. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात जायला तयार नाही. म्हणते, “आणखी कशाला भरून घेऊ अंगात? मग बाळाला कधीच घेता यायचं नाही.” उपचार अर्ध्यावर आहेत. डॉक्टरबाई म्हणतात, सोमवारी आल्याच पाहिजेत. याहून जास्त खंड पडला तर घेतलेलंही वाया जाईल.

मी तुला बोल लावत नाही. बादलीपाशी माझं काय होतं ते वर लिहिलंच आहे. पण आपल्याला आईनेच शिकवलंय ना, उसवलेलं आधी दाखवावं, वरून इस्त्री फिरवू नये?

माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल. तुझ्याकडे जायचं हे तिला सांगितलंय. “मी दारातच उभी राहीन,” म्हणाली. झबलं मी घेऊन येतेय. टाका तू तिच्यासमोर काप, बाळाला ते घाल आणि त्याला तिच्या मांडीवर दे. नाही जमणार, तर तेही तिच्या तोंडावर सांग. घट्ट झालं असं मात्र नको.

पत्र तुला शुक्रवारी मिळेल. रविवारी, १७ तारखेला, सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही निघतोय. कात्री काढून ठेव.

तुझी,
धाकटी