गुहेतल्या कुबड्या

१४ नोव्हेंबर १९३४
पोचलो एकदाचे! चूल पेटली, बायकोनं, ऑरोरनं, वाटाण्याचं सूप रांधलं. आजपासून मी चर्चचा राखणदार. गाव म्हणजे मूठभर घरं आणि सभोवार नुसतं गवत. दात कोरायला काडी मोडावी तर झाड नाही. पण ऐट बघावी! शेतातले धोंडे रचून गुहा केलीय, आत मेरीमाता आणि वर टांगलेल्या कुबड्या, काठ्या, पट्टे. बरे झालेले नवस फेडतात म्हणे. ऑरोर इथलीच, तान्हेपणी गाव सुटलेली. तरी बया हरखून गेलीय.

१९ नोव्हेंबर
लोहार ओनेझिम भेटला. पोरपणी लंगडा होता, त्याचीही कुबडी तिथंच. छाती काढून सांगतो, म्हातारबा, वरच्या वस्तूंना हात लावू नका हं, दिलेलं उचललं की दुखणं माघारी येतं. मी म्हटलं, बाबा रे, डोकंही टांगायचंस की, तसंही वापरात दिसत नाही! ऑरोर आधी हसली, मग माझ्यावरच उखडली.

३ डिसेंबर
बर्फाचं वादळ. कोळशाची गाडी अडकली. ऑरोरची बोटं निळी पडली. वाट चुकू नये म्हणून दाराला बांधलेली दोरी धरून गुहेपर्यंत गेलो, भाराभर लाकूड आणलं. काय सुरेख जळतं! मेरीमातेला थंडी वाजत नाही, माझ्या बायकोला वाजते. तिला सांगितलं, जुनं कुंपण आहे.

५ डिसेंबर
वादळ ओसरलं. ओनेझिम भट्टीपाशी कोसळला, पाय लुळा. म्हाताऱ्या फिलोमेनला सकाळपासून दिसत नाही. तिची आंधळेपणातली काठीही माझ्या भाऱ्यात होती. योगायोग. गाव मात्र मेंढरांसारखं गुहेपुढे गोळा झालंय.

६ डिसेंबर
उरलेल्या चार कुबड्या परत टांगल्या. लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून. दुसरं काही नाही.

७ डिसेंबर
ऑरोर उठली नाही. श्वास लागतोय. बर्फानं रस्ते बुजलेत, वैद्य आणायला वाट नाही.
दुपारी हळूच म्हणाली, नाताळला तुम्हाला गुहेत गंमत दाखवणार होते. जन्मले तेव्हा मी रडलेच नव्हते. बापानं इवलीशी शवपेटी ठोकलीसुद्धा. आईनं मला मातेच्या पायाशी ठेवलं आणि श्वास आला. ती पेटी तिथंच टांगलीय. बरी झाले की न्याल ना?
हो म्हणालो.
मला ते खोकं वाटलं होतं. सगळ्यात आधी तेच—

तिसरा प्रहर
टेबल फोडलं. तशीच पेटी करून टांगतो. ती विचारते, काय ठोकताय? पाळणा, म्हणालो. हसली गं माझी—

हातभर फळ्या कापल्या. जोडल्या तर पेटी ऑरोरएवढी. माझे डोळे— पुन्हा कापल्या. पुन्हा तेवढीच—

माते, मी मूर्ख, ती नव्हे. पाय घे माझे, डोळे घे—

करवतीच्या आवाजात तिचा श्वास ऐकू येत नाही. करवत खाली ठेवली.
आवाज थांबत नाही. खाटेवरून येतोय.
ऑरोर, अगं—