वरून तिसरं

मंगळवार, संध्याकाळ

मिरजगावच्या दवाखान्यात काउंटरवरच्या सुनंदाताईंकडून आज दोन केसपेपर पुसले गेले. माझ्या सॉफ्टवेअरच्या मेनूत मी 'प्रिंट'च्या जागी 'डिलीट' आणलं होतं. दिसायला बरं वाटलं म्हणून, दुसरं कारण काय? ताईंचा फोन आला तेव्हा उलट मीच वैतागलो, "ताई, नाव वाचून दाबा ना."

दुपारी स्वतः गेलो. त्या हळूच म्हणाल्या, "मला इंग्रजी वाचता येत न्हाई, सर. वरून तिसरं दाबायचं, एवढंच म्हाईत हाय."

वरून तिसरं. इतकी वर्षं बिनचूक.

तेवढ्यात डॉक्टर आले. "चूक कुणाची?"

"ताईंना नव्या मेनूची अजून सवय नाही," मी म्हणालो. त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या.

प्रिंट परत तिसरं करून निघालो. डॉक्टरांना खरं सांगायचा फोन अजून केलेला नाही.