घोड्यासाठी आरसा

६ एप्रिल
दोन आठवड्यांचं काम मिळालं, रेसकोर्सवर दुभाषाचं. अडथळ्यांच्या मोठ्या शर्यतीसाठी न्यूझीलंडहून घोडा आलाय. बाहेरचा म्हणून वेगळ्या तबेल्यात, एकटाच. त्याला सांभाळणारी मेगन इंग्लिश बोलणार, इथले डॉक्टर ओनो-सेन्सेई (जपानमध्ये डॉक्टरांना मानाने ‘सेन्सेई’ म्हणतात, बाकी सगळे नुसते ‘सान’) जपानी, मध्ये मी. पुण्यात मीही व्हेट होते, पण गळ्यातल्या पट्ट्यावर फक्त ‘दुभाषी’. असो. घोड्याच्या वासानेच जीव सुखावला.
घरी नि.चं तेच. जूनमध्ये त्याचं काँट्रॅक्ट संपलं की पुण्याला परत. मला इथली व्हेटची परीक्षा द्यायचीय. नवरोबा म्हणे, "आता या वयात?" हो, याच वयात.

८ एप्रिल
घोडा खात नाहीये. मेगन रडकुंडीला. सेन्सेई म्हणतात ताप नाही, पोट ठीक, दात ठीक. मी इमानदारीत भाषांतर करत उभी, पण डोळे घोड्यावर. दारात उभा राहून डावी-उजवीकडे झुलतोय. मधेच खिंकाळतो, कान टवकारतो. उत्तर आलं नाही की मान खाली. घरी शेजारी एक म्हातारी घोडी असते म्हणे.
हे दुखणं मला पाठ आहे. इथल्या पहिल्या हिवाळ्यात नि. ऑफिसला गेला की आरशासमोर उभी राहून मराठीत गप्पा मारायचे. फार एकटी होते.

९ एप्रिल
भाषांतराला शेपूट जोडलं. "आणि माझं मत, त्याला सोबत हवीय. दुसरा घोडा ठेवता येत नसेल तर आरसा लावा."
सेन्सेई म्हणाले, "साने-सान, ते जरा अवघड आहे." म्हणजे नाही. इथे यावर मान लववून गप्प बसायचं असतं. मी विचारलं, "नक्की काय अवघड आहे?"
सेन्सेईंनी तबेल्याच्या भिंतीवर हात फिरवून पाहिला. मग, "फुटला तर?"
"न फुटणारा आणते."

१० एप्रिल
प्लास्टिकचा भलामोठा आरसा ट्रेनमधून नेला. डब्यातले सगळे स्वतःकडे न बघायची पराकाष्ठा करत होते. सेन्सेईंनी त्यावर जंतुनाशक फवारून फवारून घेतलं, मग लावला. घोडा आधी बिचकला. मग नाक टेकवून उभाच राहिला. दुपारी बादली चाटूनपुसून साफ. म्हटलं नव्हतं?

१८ एप्रिल
जिंकला. शेवटच्या कुंपणापर्यंत मागे होता, मग काय उडी घेतली! नि. बघायला आलेला. एरवी घरातही हळू बोलणारा माणूस, "हाण, हाण" करत खुर्चीवर चढला.
पत्रकाराने सेन्सेईंना विचारलं, घोडा खायला कसा लागला? त्यांनी माझ्याकडे हात केला. "साने-सेन्सेईंना विचारा." मेगन म्हणाली, काय म्हणाले ते? इतके दिवस धडाधड बोलणारी मी, तेवढं एक वाक्य काही सांगता येईना. नि. ऐकत होता.

२१ एप्रिल
घोडा गेला, म्हातारीकडे. आरसा मी घरी आणला. अभ्यासाच्या टेबलासमोर लावावा म्हटलं.
भाड्याच्या भिंतीला खिळा म्हणजे घर सोडताना कटकट. इतकी वर्षं नि.ने कॅलेंडरसुद्धा चिकटपट्टीने लावलंय. आज हातोडी घेऊन आला, खिळा भिंतीला टेकवून धरला. जूनचं अजून बोलणं झालेलं नाही.
"ठोकू?" म्हणाला.
"ठोक."