तुझ्या वतीने एक वाक्य

प्रिय एमेट,

सगळे तुला सेनेटर ब्रॉडरिक म्हणतात. मीही तशीच सुरुवात करणार होते, पण आमच्या कॉन्व्हेंटच्या भिंतीपलीकडे मुलांच्या शाळेत शिकणारा एमेट मला आधी ठाऊक, सेनेटर फार नंतरचा. तेव्हा रागावू नकोस. आणि हे पत्र तुझ्या कचेरीत दुसऱ्याच कुणी उघडलं असेल, तर त्यांना विनंती, की वाचून झाल्यावर तरी ते त्याच्या हाती द्यावं.

शनिवारची कन्फेशनची रांग तुला आठवते का? तुम्ही मुलं पुढे, आम्ही मुली मागे. बाकीची मुलं आत जायची आणि पटकन पाप सांगून मोकळी व्हायची. तू आत गेलास की आम्ही बाकांवर बसून घ्यायचो. एकदा फादर कीनन स्वतःच बाहेर आले आणि सिस्टर इमेल्डांना म्हणाले, "या मुलाला आधी ठरवू द्या, पाप केलंय की नाही. मग पाठवा." मी हसले आणि तू वळून पाहिलंस. आपली ओळख तिथली. नंतरचे ते उन्हाळे, मिसिसिपीच्या काठावरची ती आइस्क्रीमची गाडी, तुझं व्हॅनिला की चॉकलेट ठरेपर्यंत माझं विरघळलेलं आइस्क्रीम, यातलं मी काहीच विसरलेले नाही. तू वकिली शिकायला निघालास तेव्हा स्टेशनवर मी तुला सरळ लग्नाचं विचारलं होतं. तू म्हणालास, "लिओना, मी नाही म्हणत नाहीये." त्या वाक्यावर मी अख्खा हिवाळा काढला. मग आमच्या शेतावर व्हर्जिल ट्रॅक्टर दुरुस्त करायला आला. हात पुसत म्हणाला, "लग्न करायचं का? नाही म्हणालीस तरी ट्रॅक्टर नीट करून देईन." मला तक्रार करायची नाही. मी सुखात आहे.

आमची धाकटी कॉरीन तिकडे युद्धात आहे. हेलिकॉप्टर दुरुस्त करते, हात बापाचे घेतलेत. तिला दुसऱ्यांदा पाठवलंय आणि परत कधी येणार ते कुणीच सांगत नाही. म्हणून तू अध्यक्षपदाला उभा राहिलास आणि तुझ्या माणसांनी आमच्या गावात तुझी बाजू सांभाळाल का असं विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. त्यांनी तुझ्या भूमिकेचं पत्रक पाठवलं. मला समजलं ते असं: तू युद्धाच्या बाजूचा नाहीस, पण बाजूने असणाऱ्यांच्या विरुद्धही नाहीस. तू ते सुरू केलं नसतंस, पण आता सुरू झालंच आहे तर घाईने थांबवणार नाहीस, आणि उशीरही खपवून घेणार नाहीस. व्हर्जिलने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मग उलटून पाहिलं, उरलेलं मागे आहे का म्हणून.

आता पक्षाचा उमेदवार निवडायला आमचं गाव जमलं, त्या संध्याकाळचं सांगते. तुम्ही उमेदवार थंडीत गावोगाव भाषणं देत फिरता, पण आत काय चालतं ते तुमच्यापैकी कुणी पाहिलेलं नसतं. शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या मैदानाभोवती, प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा. मतपेटी नाही, चिठ्ठी नाही. जो हवा त्याच्या कोपऱ्यात अख्ख्या गावासमोर जाऊन उभं राहायचं. ज्या कोपऱ्यात माणसं कमी पडतात तो मोडतो, आणि मग तिथल्या माणसांना बाकीचे आपल्याकडे ओढू लागतात, जत्रेतल्या दुकानदारांसारखे. तुझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या गव्हर्नरच्या कोपऱ्याची प्रमुख होती डोलोरेस क्लॉस्नर. ती पीनट बटरच्या वड्यांचे दोन ट्रे भरून घेऊन आली होती आणि मी नुसती तुझी पत्रकं. अर्धी निवडणूक मी तिथेच हरले होते.

व्हर्जिल माझ्या कोपऱ्यात नव्हता. तो तिसऱ्याच एका उमेदवाराच्या कोपऱ्यात होता, कारण तिथे टेकायला भिंत होती आणि जवळ हीटर. त्या उमेदवाराचं नावही त्याला सांगता आलं नसतं. तो कोपरा मोडला. डोलोरेस लगेच ओरडली, "व्हर्जिल, इकडे ये रे, मधली वडी तुझ्यासाठी ठेवलीय." तो निघाला, बास्केटबॉलच्या मैदानाच्या मधोमध थांबला आणि माझ्याकडे वळला. "बाई," तो मला म्हणाला, जणू मला पहिल्यांदाच बघतोय, "सेनेटरच्या तुम्हीच ना? तुमचा माणूस युद्धाचं काय म्हणतो? थोडक्यात सांगा, माझे गुडघे दुखतायत. माझी मुलगी तिकडे आहे."

डोलोरेसने हातातला ट्रे खाली ठेवला. मी पत्रक उघडलं, पहिलं वाक्य मनात वाचलं, आणि ते मला व्हर्जिलच्या तोंडावर मोठ्याने वाचता येईना. मी पत्रक मिटलं. म्हटलं, "तो म्हणतो, पोरांना घरी आणायचं. निवडून आला की मक्याच्या पहिल्या कापणीच्या आत." व्हर्जिलने मान हलवली, दोन घडीच्या खुर्च्या उचलल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्यामागे त्याच्या कोपऱ्यातले सगळे आले. मग डोलोरेसच्या कोपऱ्यातलेही यायला लागले, हातात अर्धवट खाल्लेल्या वड्या घेऊन. शेवटी डोलोरेसचा नवरा आला, ट्रेसकट.

पुढचं तुला माहीत आहे. माझं वाक्य आमच्या पेपरात तुझ्या नावाने छापून आलं, मग टीव्हीवर. दुसऱ्या दिवशी तुझ्या कचेरीतून मिस हॅडलींचा फोन. "मॅडम, सेनेटर असं कधीच म्हणालेले नाहीत." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे, मी म्हणाले." त्या म्हणाल्या, "त्यांची भूमिका बहुपदरी आहे." मी म्हटलं, "कांदाही बहुपदरी असतो, पण कधीतरी तो चिरावा लागतो." उत्साहाच्या भरात तोंडून गेलं असं मी पेपरला कळवावं, अशी त्यांची इच्छा. या वयात मला उत्साहाचा भर येतो असं कुणाला वाटलं, याचं बरं वाटलं. मी अजून काही कळवलेलं नाही. तेवढ्यात टीव्हीवर तुलाच विचारलं, असं म्हणालात का, आणि तू म्हणालास, "मी ते नाकारत नाहीये." व्हर्जिलने चमचा खाली ठेवला. "बघ," तो म्हणाला, "तुला स्टेशनवर मिळालं, तेच आता देशाला मिळालं." आम्ही दोघं इतकं हसलो की सूप निवून गेलं.

पण रविवारी कॉरीनचा फोन आला. बातमी तिथेही पोचली आहे. मागे हेलिकॉप्टरची घरघर, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती. "आई, तो खरंच तसं म्हणाला का गं? इथल्या सगळ्या पोरी मलाच विचारतायत, तुझी आई त्याला ओळखते ना म्हणून." जिममध्ये जे मला सहज जमलं, ते तिच्यापुढे जमेना. मी म्हटलं, त्याला विचारून सांगते. म्हणून हे पत्र. उत्तर नाही असेल तर तसं लिही. मी तिला सांगेन, पेपरलाही सांगेन की चूक माझी, आणि तुझ्यावर रागावणार नाही. हो असेल तर मला लिहू नकोस, सगळ्यांसमोर म्हण, तिला तिथे ऐकू येईल. फक्त या दोन्हींच्या मधलं काही पाठवू नकोस, एमेट. तिला फोनवर फार वेळ देत नाहीत.

व्हर्जिलची, पण कोपऱ्यापुरती तुझीच,
लिओना