जो उभा, त्यालाच

आबा, डेपोसमोरच्या ज्या हॉटेलात तुम्ही जन्मभर वेटर होतात, तिथं काल मी जेवले. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या निरोपाचं जेवण होतं. वाढणारा माणूस तापानं फणफणला होता. ताट ठेवताना त्याचा हात माझ्या हाताला लागला, तेव्हा कळलं. घरी का जात नाही, विचारलं, तर हळूच म्हणाला, "आज दिवाळीचा डबा उघडणार हाय ताई. जो कामावर उभा, त्यालाच हिस्सा." वर्षभराची टीप अजूनही त्याच डब्यात साठवून दिवाळीला वाटतात. गिऱ्हाइकं आता ती फोनवरूनही देतात, ती मालकाच्या खात्यात जाते आणि त्या दिवशी डब्यातल्या पैशांत मिळवतात. एवढंच काय ते नवं.

मला तुमची ती दिवाळी दिसली. तुम्ही अंथरुणावर बसून श्वास गोळा करताय, आई दारात आडवी उभी आहे. "काहून जाता? जाऊ द्या तो पैसा," ती म्हणते. तुम्ही शर्टाची बटणं लावता. "वर्षाची टीप हाय त्यात. लेकराची फी हाय." डबा उघडेपर्यंत तुम्ही भिंतीला टेकून उभे राहिलात. रुमालात बांधलेला हिस्सा दुसऱ्या वेटरनं घरी आणून दिला. हॉटेलातूनच दवाखान्यात नेलेले तुम्ही परत आलाच नाहीत. त्या पैशांवर मी शिकले, आणि इतकी वर्षं मनातल्या मनात मालकाला तुमचा मारेकरी म्हणत आले.

म्हणून काल गल्ल्यावर गेले. तिथं आता त्यांचा मुलगा बसतो. आजारी माणसाचा हिस्सा का बुडवता, असं मी चढ्या आवाजात विचारलं. त्या वेटरसाठी बोलत होते की तुमच्यासाठी, हे मला नीट सांगता आलं नसतं. त्यानं आधी खुर्ची दिली. मग म्हणाला, "ताई, हा नियम आमचा न्हाई. लोकं निम्मं वर्ष ऊसतोडीला जायचे आन् डब्याच्या दिवशी बराबर हिस्सा मागायला यायचे. तुमचे वडीलच म्हणले, जो उभा, त्यालाच."

तो खोटं बोलत असेल. त्याच्या सोयीचंच आहे ते. तुमचा रुमाल आणून देणारे काका सेनगावला लेकाकडे असतात. जीपनं जाऊन विचारता येईल. मी गेले नाही. निघताना त्या वेटरच्या हातात नोट दिली, खिशात ठेव म्हणाले. त्यानं ती डब्यात टाकली आणि पुन्हा भिंतीला टेकून उभा राहिला.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, याचं मला बरं वाटतंय आबा. पोचलं असतं, तर तुम्ही 'व्हय' म्हणाला असता.